खेड्यातले हायस्कूल आणि कापसाचा हंगाम



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी यावे, प्राध्यापकांनी यावे, अशी आपल्याकडे रीत आहे. दहावीनंतर शाळेशी संबंध सुटलेल्या आमच्यासारख्या माणसाला चालकांनी बोलाविले, आणि तेही शाळेवर बोलावयास, याची आम्हांला प्रथम मौज वाटली. तीस-पस्तीस वर्षे सभा घेणे हाच आमचा धंदा आहे. पण त्या सभा जिनाच्या फाटकाशी, हमालांच्या अड्ड्यावर, कधी शेताच्या धुऱ्यावर. तेथे खुर्च्या नसतात आणि श्रोता मधेच उठला तर तो कंटाळला असे न समजता कामावर गेला असे समजावयाचे असते. येथे आपण सारे स्वस्थ बसून ऐकणार, तेव्हा आम्हांलाही जरा नीट बोलले पाहिजे.

आरंभीच एक खुलासा करून ठेवितो. आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, ते मोठेपणा मिरविण्यासाठी नाही. युनियनमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडी ‘मी’ हा शब्द सहसा येतच नाही. मागणीअर्जाची सुरुवातच ‘आम्ही खाली सह्या करणारे’ अशी असते. शिवाय आजचा विषय एकट्याचा नाहीच. ज्या पिढीने खेड्यातल्या हायस्कुलात १९७५ ते १९९०च्या सुमारास शिक्षण घेतले, त्या सगळ्या पिढीचा तो विषय आहे. या सभागृहात त्या पिढीचे पुष्कळ लोक बसलेले आम्हांला दिसत आहेत.

अलीकडे या पिढीत एक नवी पद्धत सुरू झाली आहे. दहावीच्या वर्गाचा मोबाइलवर गट तयार होतो, कुणीतरी पुढाकार घेतो आणि तीस-पस्तीस वर्षांनी जुने सोबती शाळेच्या आवारात जमतात. म्हाताऱ्या गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते. टक्कल पडलेले गृहस्थ एकमेकांना ‘काय बे’ म्हणून हाका मारतात. ‘ते दिवस पुन्हा येणे नाही’ असे म्हणत सारे डोळे पुसतात. आम्हीही अशा मेळाव्यांना जातो आणि आम्हीही डोळे पुसतो. त्यात खोटे काहीच नाही. परंतु दरवेळी एक गोष्ट आमच्या मनात सलते. आठवीच्या वर्गात जेवढी नावे होती, त्यांतली निम्मीसुद्धा या मेळाव्यात नसतात. ‘बाकीचे कुठे आहेत?’ म्हणून विचारले, तर उत्तर येते, ‘ते मधेच सुटले होते ना!’ म्हणजे शाळेच्या गोड आठवणी सांगावयाचा हक्क ज्याला शेवटपर्यंत बाकावर बसता आले त्याला, आणि जो मधेच उठला त्याची आठवणही काढावयाची नाही! हे आम्हांला पटत नाही. म्हणून आज आम्ही शाळेचे गोड दिवसही सांगणार आहोत आणि त्या उठून गेलेल्यांची गोष्टही सांगणार आहोत. दोन्ही मिळून खेड्यातले हायस्कूल होते.

प्रथम हे हायस्कूल खेड्यात आले कसे, ते पाहू. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात हायस्कूल म्हणजे शहरातली वस्तू होती. कास्तकाराच्या पोराला पुढे शिकावयाचे तर अमरावती, यवतमाळ अशी मोठी गावे गाठावी लागत, आणि तेथे राहावयाचे कुठे हा पहिला प्रश्न पडे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले ते याच प्रश्नाला उत्तर म्हणून. पुढे त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने विदर्भातल्या गावोगावी शाळा नेल्या. पंजाबराव स्वतः पापळसारख्या खेड्यातून आले होते, त्यामुळे मुलगा शहरात आणण्यापेक्षा शाळा खेड्यात नेणे किती गरजेचे आहे हे त्यांना सांगावे लागले नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर आपल्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक शाळा वाढल्या. सातवी झालेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न आता गावाच्या चावडीवर येऊन बसला. त्यातून गावोगाव ‘शिक्षण प्रसारक मंडळे’ निघाली. कमी उत्पन्नाच्या घरांना फीची सवलत होती. तिला सरकारी भाषेत ई.बी.सी. म्हणत आणि गावात सगळे नादारीच म्हणत. १९७५ साली जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. मॅट्रिक एक वर्षाने जवळ आली, आणि गरिबाच्या घरी एक वर्ष म्हणजे थोडे नसते.

आमचे हायस्कूल दारव्हा तालुक्यातल्या एका गावी होते. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तशी गावे जिल्ह्यात बरीच आहेत आणि गोष्ट सर्वांची थोड्याफार फरकाने सारखीच आहे. आम्ही १९७९ साली तेथे पाचवीत गेलो आणि १९८५ साली दहावी होऊन बाहेर पडलो. शाळेची जागा एका कास्तकाराने दिलेली, दगड-माती गावातल्या बंड्यांनी वाहिलेली, वरच्या टिना लोकवर्गणीच्या. पावसाळ्यात टिनांवर सर आली की गुरुजींचा आवाज बंद होई. मग गुरुजी फळ्यावर लिहीत आणि आम्ही तोंडाने मोठ्याने वाचून पावसाशी स्पर्धा करीत असू. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होते. त्यात बाटल्या होत्या आणि कुलपाची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात होती. घंटा म्हणजे कडुनिंबाला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. चपराशी त्यावर लोखंडी दांडा हाणी, तेव्हा तो नाद शेताशेतांतून ऐकू जाई.

हा तुकडा शकुंतलेच्या रुळाचा आहे, असे सगळे सांगत. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी अडीच फुटी रुळांची ही गाडी आता बंद आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांनी तिच्यातून प्रवास केला असेल. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती टाकली. माणसांची सोय व्हावी हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर नेऊन मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांना पुरवावा, म्हणून ती आली. तिचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेले होते. ते १९२३पासून धावू लागले आणि १९९४ साली विश्रांतीस गेले. कापूस नेणाऱ्या गाडीच्या रुळावर आमची शाळा भरत होती, याचे आम्हांला त्या वयात काही वाटले नाही. परंतु कापूस आणि शाळा यांचे नाते किती जवळचे आहे, ते आम्हांला लवकरच दुसऱ्या वाटेने कळावयाचे होते.

शाळेतला सगळ्यांत मोठा चमत्कार आम्हांला कोणता वाटला म्हणाल, तर हजेरीपट. गावात प्रत्येकाची आळी वेगळी, पाणवठा वेगळा, बैठक वेगळी. बंजाऱ्यांचा तांडा वेगळा, कोलामांचे पोड त्याहून दूर. हजेरीपटात मात्र सगळी नावे एकाखाली एक, आडनावाच्या अक्षरक्रमाने. हेडमास्तरांनी वर्गातल्या माठाची व्यवस्थाही या पटावरच बसविली होती. माठ घासून पाणी भरण्याची पाळी पटाच्या क्रमाने येई. ज्याची पाळी त्याने भरलेले पाणी सगळ्यांनी प्यावयाचे. पहिल्या वर्षी दोन-तीन घरांतून कुरकूर झाली. हेडमास्तर त्या पालकांना एवढेच म्हणाले, ‘पट सरकारचा आहे, क्रम मला बदलता येत नाही.’ पट खरोखर सरकारचा होता की नाही, कोण जाणे! परंतु पुढे कुरकूर थांबली. समतेवर आम्ही नंतर पुष्कळ पुस्तके वाचली आणि भाषणेही केली, परंतु त्या माठाइतके सोपे व्याख्यान आम्हांला अजून साधलेले नाही.

दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली शिदोऱ्या सुटत. ज्वारीची भाकर, चून, अंबाडीची भाजी, ठेचा. ज्याच्या डब्यात पोळी असे त्याच्याभोवती गर्दी होई. भुलाबाईच्या दिवसांत मुली गाण्यांच्या चालीवर भूगोलातली नद्यांची नावे म्हणत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन लहान भाऊ शाळेच्या दारात येऊन उभे राहत. गॅदरिंगला दंडार होई, आणि तीत गणिताचे सर राजाचे सोंग घेत. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या तासाला कुणी घाबरत नसे. दहावीची परीक्षा जवळ आली की मुले रात्री शाळेतच निजावयास जात. दोन वर्गांत मिळून चार कंदील. गुरुजी स्वतःच्या घरून चहा करून आणीत आणि पहाटे चारला त्या रुळाला हळूच एक टोला मारून आम्हांला उठवीत. त्यासाठी त्यांना कुणी पैसा दिला नाही आणि आम्ही कधी मागे वळून त्यांचे आभारही मानले नाहीत.

इंग्रजीच्या सरांची तऱ्हा और होती. पुस्तकातला धडा झाला की ते खताच्या पोत्यावरचा मजकूर, एस.टी.चे तिकीट, कापसावर फवारावयाच्या औषधाचे माहितीपत्रक असे कागद वर्गात आणीत आणि आमच्याकडून वाचून घेत. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही. परंतु २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आम्हांला तो तास आठवला. त्या दुर्दैवाची कारणे अनेक होती. औषधे जहाल होती, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, मजुरांना हातमोजे नव्हते, तोंडाला फडके होते. नुसत्या वाचनाने ते टळले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु डब्यावर काय लिहिले आहे ते ज्याला वाचता येते, तो मालकाला निदान विचारू तरी शकतो. हायस्कुलातली दोन वर्षे मजुराच्या काय कामाची, असे विचारणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे.

आता त्या सुटलेल्यांकडे वळतो. दसरा झाला की पऱ्हाटी फुटू लागे. शेतात सीतादहीचा दहीभात होई आणि वेचणी सुरू होई. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडे तेव्हा आमच्या वर्गातल्या बावन्न नावांपैकी वीस-बावीस ‘हजर’ म्हणत. बाकीचे कमरेला ओटी बांधून शेतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळे, म्हणजे घरातले जेवढे हात जास्त तेवढे संध्याकाळी काट्यावर वजन जास्त. आमची माय दुसऱ्याच्या शेतात वेचावयास जाई आणि आम्ही तिच्या शेजारच्या तासाला असू. सुकलेल्या बोंडांची टोके बोटांत शिरत, नखांच्या कडा फाटत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत लेखणी धरली की झोंबे. ज्यांच्या घरी स्वतःचे शेत होते त्यांचीही स्थिती फार निराळी नव्हती. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत कापूस घालावयाचा आणि चुकारा हाती येण्याची वाट पाहावयाची. वहीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळे त्या चुकाऱ्यावर उभे असे.

गुरुजी घरोघरी फिरत. एका बाप्याने त्यांना दिलेले उत्तर आमच्या गावात अजून सांगतात. तो म्हणाला, ‘धाडतो ना मास्तर पोट्ट्याले साळंत, पन पऱ्हाटी फुटली हाये. कापूस काय तुमचा खडू येचन?’ गुरुजी हसले आणि परत आले. त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता, हिशेब होता. गुरुजींचा हिशेबही तसाच कडक होता, कारण पट आणि हजेरी घसरली की शाळेचे अनुदान अडचणीत येई.

१९८३ साली, आम्ही नववीत असताना, यातून एक वाट निघाली. आम्हां मुलांतच बोलणे झाले की, शाळा सकाळी भरली तर दुपारी वेचणी करता येईल. मग अर्ज लिहिला आणि वर्गातल्या चाळीस जणांनी खाली सह्या केल्या. गैरहजर असलेल्यांच्या सह्या शेतात जाऊन आणल्या. हेडमास्तरांनी अर्ज वाचला, लाल शाईने त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या सतरा चुका काढल्या आणि म्हणाले, ‘हा सुधारून आणा. आणि यात तुम्ही मागितले काय ते आहे, देणार काय ते नाही. तेही लिहा.’ आम्ही दुसरा अर्ज लिहिला. त्यात आम्ही असे दिले की, सकाळची शाळा मिळाली तर प्रत्येक हजर मुलगा आपल्या शेजारचा एक गैरहजर मुलगा सोबत घेऊन येईल. त्या वर्षी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शाळा सकाळी सात ते अकरा भरली. वर्गात पस्तीस-चाळीस मुले दिसू लागली. पुढच्या आयुष्यात आम्ही जिनातल्या हंगामी कामगारांसाठी आणि हमालांसाठी शेकडो अर्ज लिहिले. त्या दोन अर्जांचा धडा आमच्या कामी येत राहिला. आजही अर्ज पाठविण्यापूर्वी आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासतो, आणि आपण काय देणार तो परिच्छेद आहे ना, हे पाहतो.

परंतु सगळेच यशस्वी झाले असे नाही. आमच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती. गणितात तिच्यापुढे कुणी नव्हते. सर फळ्यावर उदाहरण मांडून वळेपर्यंत तिची पाटी पालथी झालेली असे. तांडा दीड कोसावर, मध्ये नाला. थंडीच्या दिवसांत सातला पोचावयाचे तर अंधारात निघावे लागे. हेडमास्तरांनी तांड्यावरच्या मुलांना तासभर उशिराची परवानगी दिली. तरीही नववीच्या अखेरीस तिचे नाव पटावर राहिले नाही. गुरुजी तांड्यावर गेले तेव्हा तिचा बाप हात जोडून म्हणाला, ‘साळा चांगली हाये मास्तर. रस्ता चांगला नाई.’ या बोलण्याला गुरुजींजवळ उत्तर नव्हते. रस्ता शिक्षण खात्याकडे नव्हता!

पुढे दहा-बारा वर्षांनी शेतमजुरांच्या एका सभेत ती आम्हांला भेटली. वेचणीच्या वजनावरून तंटा होता. मुकादम वहीतून आकडे वाचीत होता, आणि ही बाई उभी राहून, कागदाला हात न लावता, सहा बायकांच्या आठ दिवसांच्या वजनाची बेरीज सांगून मोकळी झाली. मुकादमाची बेरीज कमी निघाली. त्या दिवशी मजुरी पुरी मिळाली. आम्ही आनंदलो, पण रात्री झोप लागली नाही. एवढे डोके एका नाल्यापायी शाळेबाहेर राहिले, हा हिशेब कुठल्या मुकादमाकडून वसूल करावयाचा? आमच्या दहावीच्या मेळाव्याचे निमंत्रण तिला गेले नाही. कारण ती दहावीच्या वर्गात नव्हती.

आपणांस वाटेल की ही आपल्याच मागासलेपणाची कथा आहे. तसे नाही. पीक काढणीला आले की पोरांचे हात लागतात, ही जगभरची गोष्ट आहे. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या शालेय सुट्टीला आजही लोक ‘बटाट्याची सुट्टी’ म्हणतात, कारण ती मुळात बटाटे काढण्यासाठी असे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या कापूसपट्ट्यात काळ्या मुलांच्या शाळा वेचणीच्या दिवसांत बंद ठेवीत आणि उन्हाळ्यात भरवीत. गोऱ्या मुलांच्या शाळांना तो नियम नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही ही चाल तेथे टिकून होती. उझबेकिस्तानात तर सरकारच मुलांना कापूस वेचावयास पाठवी. जगभरच्या संघटनांनी आवाज उठविला, तेथल्या कापसावर बहिष्कार पडला, आणि अखेर २०२२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जाहीर केले की तेथली ही पद्धतशीर सक्ती संपली. कापूस पोरांचे हात मागतो, परंतु माणसे एकत्र आली तर त्याला नाही म्हणता येते, असे हा इतिहास सांगतो.

आता आजची स्थिती. ती सर्वस्वी वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्या तांड्याला आज डांबरी रस्ता आहे, नाल्यावर पूल आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा प्रवास फुकट आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत नेतात. अशी गाडी सकाळी फाट्यावर थांबते आणि दोन वेण्या घातलेल्या मुली भराभर चढतात, ते पाहून आमच्या डोळ्यांचे पारणे फिटते. परंतु ही गाडी थांबली तर काय होते, तेही आम्ही पाहिले. कोरोनामुळे बंद पडलेल्या खेड्यातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या, आणि महिन्याभरात एस.टी.चा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. आम्ही संप करणाऱ्यांच्या बाजूचे. ज्याच्या पगारात घर चालत नाही, त्याने संप करू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु त्याच महिन्यांत फाट्यावर ताटकळून मुली घरी परतत होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. एकीसाठी दुसरी झाकणारा माणूस आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. गाडी चालविणाऱ्याला पुरा पगार आणि मुलीला वेळेवर गाडी, ही एकाच अर्जातली दोन कलमे आहेत.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववी-दहावी त्याच्या बाहेर राहिली. आमच्या वर्गातली नावे नेमकी तेथेच गळाली होती. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणात अठरा वर्षांपर्यंतची भाषा आहे, परंतु धोरण दारी येते तेव्हा हक्क होऊन यावे लागते. पुसद, महागाव, उमरखेडकडचे तांडे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि शहरांतल्या बांधकामांवर जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण ती मुख्यतः लहान वर्गांची. पंधरा वर्षांची मुलगी मागे राहिली तर तिला कुणाच्या भरवशावर ठेवावी, आणि सोबत नेली तर शाळेचे काय, हा प्रश्न आजही त्या बापापुढे उभा आहे. रस्ता चांगला झाला, आता रस्ता त्यांना लांब नेतो.

तिसरी गोष्ट गुरुजींची. पहाटे चहा आणणारे गुरुजी आज कुठे गेले, असे लोक आम्हांला विचारतात. आम्ही त्यांना उलट विचारतो, त्यांना तुम्ही काय देता? २००० साली शिक्षणसेवकाची पद्धत आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. माध्यमिक शाळेत ते २०२३ साली वाढून महिना १८,००० झाले. विनाअनुदानित शाळांतले कित्येक शिक्षक अनुदानाच्या टक्क्यांची वाट पाहत केस पिकवून बसले आहेत. उपाशी माणसाकडून त्यागाची अपेक्षा करणे सोपे असते, विशेषतः आपले पोट भरलेले असले म्हणजे.

आता आपणांस आमची विनंती. आपण शहरात स्थिरावलेली माणसे आहात, आणि आपल्यापैकी कित्येकांची पाळेमुळे अशाच एखाद्या टिनाच्या शाळेत आहेत. पुढच्या मेळाव्याची यादी करताना दहावीच्या निकालावरून करू नका. शाळेच्या जुन्या कपाटातून पाचवीचा नाही तर आठवीचा हजेरीपट काढा आणि त्यावरून निमंत्रणे पाठवा. ज्यांची नावे लाल रेघेने कापली गेली, ते आपलेच वर्गमित्र आहेत. त्यांना सत्कार नको असेल, परंतु आठवण नको असेल असे नाही. त्यांच्यापैकी कुणाला आजही दहावी व्हावेसे वाटत असेल, तर बाहेरून परीक्षेला बसावयाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही जिनातल्या बायकांकडून तो भरून घेतो. काही पास होतात, काही होत नाहीत, परंतु अर्जावर स्वतःची सही करताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मेळाव्याची शिल्लक उरते तेव्हा शाळेला कमान बांधून देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. कमानीवर देणाऱ्यांची नावे येतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण एक वर्ष कमान राहू द्या. त्या पैशात मागे राहणाऱ्या चार मुलींची हंगामापुरती राहण्या-जेवण्याची सोय गावातच होते का, ते मुख्याध्यापकांना विचारा.

आणि शाळेत जावयाचे तर गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळेच हजर असतात. मार्गशीर्षात जा, ऐन वेचणीत, एखाद्या साध्या सोमवारी. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसा आणि गुरुजी हजेरी घेत असताना ऐका. ज्या नावानंतर कुणी ‘हजर’ म्हणत नाही, ते नाव लिहून घ्या आणि त्या मुलाच्या घरचा रस्ता विचारा.